घरातल्या मांजरांची भांडणं: खेड्यातल्या घरात ती कशी थांबवावी

आमच्या घरी आधी कापशी होती. पांढरी भाटी, सहा वर्षांची. कापूस घरात भरला की ढिगावर चढून झोपायची, म्हणून ते नाव. दोन वर्षांमागे दिवाळीच्या सुमारास मुलाने शेतातून बोक्याचं एक पिल्लू उचलून आणलं. सरकीच्या ढेपेच्या रंगाचं, म्हणून ढेप्या. आम्ही त्याला सरळ माजघरात कापशीच्या पुढ्यात ठेवलं. लहान आहे, सामावून घेईल, असं वाटलं. ढेप्या वाढत गेला तशी भांडणंही वाढली. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कापशीचा कान फाटला होता, ढेप्याच्या गालावर गळू झालं होतं, वेचून आणलेल्या कापसावर मूत पडलं होतं आणि माझ्या मनगटात चार दात रुतले होते.

या विषयावर जे वाचायला मिळतं ते बहुतेक फ्लॅटवाल्यांसाठी असतं. "एक मांजर बेडरूममध्ये बंद ठेवा" म्हणतात. आमचं वर्धा जिल्ह्यातलं घर कवेलूचं. आतल्या भिंती आढ्यापर्यंत जात नाहीत, मांजर वरच्या वर या खोलीतून त्या खोलीत उतरतं, आणि दारं दिवसभर सताड उघडी. अशा घरात काय करता येतं ते मी करून पाहिलं आहे, तेच इथे लिहिते.

आधी हे जमवून ठेवा

- कोंबड्या झाकायचं मोठं डालगं
- कोंबड्यांसाठी वापरतात ती बारीक तारेची जाळी, दाराच्या मापाची, लाकडी चौकटीत ठोकलेली
- एक-दोन तट्टे, सुतळी, जुनं गोधडीचं कापड
- भाजी-टमाट्याचे प्लास्टिकचे दोन क्रेट (एकावर एक पालथा बांधला की मांजर न्यायची पेटी तयार)
- पसरट घमेली आणि नाल्यातली बारीक वाळू. मांजरं जितकी, त्याहून एक घमेलं जास्त
- प्रत्येक मांजराची वेगळी ताटली
- जाड पोतं किंवा चवाळं
- कागद म्हणाल तर दोनच: प्रत्येक मांजराचं लसीचं कार्ड आणि डॉक्टरची चिठ्ठी. एखाद्या वहीत तारीख टाकून कोण कधी, कुठे भांडलं ते लिहीत जा. माझ्या वहीतली पंधरवड्याची भांडणं पाहिली तेव्हा कळलं, की निम्म्याहून जास्त रांजणाजवळच झाली होती.

१. खेळ आहे का भांडण, ते ओळखा

खेळात आवाज नसतो. आळीपाळीने वर-खाली होतात, मधेच थांबून अंग चाटतात, नखं आत असतात. भांडणात कान मागे चिकटतात, शेपटी फुगते, गुरगुर आणि किंकाळी येते आणि नंतर एक मांजर गायब होतं.

पण खरं भांडण बरेचदा चूप असतं आणि तेच नवख्या माणसाच्या लक्षात येत नाही. एक मांजर दाराच्या उंबऱ्यावर पसरून बसलेलं, दुसरं ओसरीवरच थांबलेलं, आत यायची हिंमत नाही. एकटक बघणं, वाट अडवणं, ताटलीजवळ येऊ न देणं. ढेप्या असाच तासन्‌तास उंबऱ्यावर बसायचा आणि आम्ही म्हणायचो, किती शांत झाला! तेव्हा कापशी दोन दिवस माळ्यावरून खाली उतरली नव्हती.

२. आधी दुखणं आणि नसबंदी

आतापर्यंत नीट राहणारं मांजर एकाएकी अंगावर जायला लागलं, तर त्याला काहीतरी दुखतंय असं धरून चाला. सडका दात, सांधे, कान, किंवा केसांखाली लपलेलं चाव्याचं गळू. चाव्याचं छिद्र वरून दोन-तीन दिवसांत मिटतं आणि आत पू साचतो. डोक्यापासून शेपटीपर्यंत हळू हात फिरवा. एखादी जागा गरम लागली किंवा मांजर तिथेच दचकलं तर डॉक्टर गाठा. घरातली ताप-अंगदुखीची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलने मांजर मरतं, अर्ध्या गोळीनेही.

गावातला पशुवैद्यकीय दवाखाना मुख्यतः गाई-बैलांचा असतो, तरी रेबीजच्या लशीबद्दल तिथे विचारा. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली लस, मग दरवर्षी. नसबंदीसाठी बहुधा तालुक्याला किंवा जिल्ह्याला जावं लागतं. नागपूरला सेमिनरी हिल्सवर १९५८ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, अकोल्यालाही पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे. आधी फोन करून दिवस आणि उपाशी किती वेळ ठेवायचं ते विचारून घ्या.

नसबंदीला घरातून विरोध होतो, आमच्याकडेही झाला. शेजारच्या काकीजी म्हणाल्या, "तिची कूस काहून बंद करता? पाप लागते." मी त्यांना आमच्या परसात काय होतं ते आठवून दिलं. भाटी वर्षातून दोन-तीनदा वेते, आणि त्यातली पिल्लं कुत्र्यांच्या तोंडी जातात, नाहीतर कुणीतरी पोत्यात घालून नाल्यापलीकडे सोडून येतं. हे पाप मला जास्त मोठं वाटतं. बोक्यांच्या भांडणावर नसबंदीइतका दुसरा उपाय नाही. मात्र फरक लगेच दिसत नाही. शरीरातला जोर उतरायला चार-सहा आठवडे जातात. "ऑपरेशन केलं तरी भांडतोच" असं आठव्या दिवशी म्हणू नका.

एक सापळा इथे आहे. दवाखान्यातून परत आलेल्या मांजराला औषधाचा, परक्या हातांचा वास लागलेला असतो. घरातलं मांजर त्याला ओळखत नाही आणि जन्माच्या सोबत्यावरही धावून जातं. एक दिवस तरी वेगळं ठेवा, जुन्या गोधडीवर झोपू द्या, मगच भेटवा.

भाटी व्यालेली असेल तर पुढचं सगळं पिल्लं दोन महिन्यांची होईपर्यंत थांबवा. ती पिल्लांसाठी भांडते, तिला फक्त आडोसा हवा असतो.

३. भांडण जुंपलं तर

हात घालू नका. माझ्या मनगटावरचे दात याच चुकीचे. थाळी आपटा, टाळी वाजवा, दोघांच्या मधे तट्टा किंवा सूप सरकवा. तरी सुटत नसतील तर एकावर चवाळं टाका, त्यातच गुंडाळून दुसऱ्या खोलीत न्या. नंतर लगेच कुरवाळायला जाऊ नका. चवताळलेलं मांजर तासन्‌तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंतही शांत होत नाही, आणि त्या वेळी समोर येईल त्याच्यावर राग काढतं. बाहेरचा बोका कुंपणावर दिसला की घरातली दोघं एकमेकांवर तुटून पडतात, ते याचमुळे. अशा वेळी खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला तट्टा बांधला तरी पुष्कळ फरक पडतो.

चावलं किंवा खोल ओरबाडलं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची, तेल काही लावायचं नाही. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. घरचं मांजर आहे, दिसायला चांगलं आहे, म्हणून टाळू नका. मांजराचे दात सुईसारखे असतात, जखम लहान दिसते आणि आत खोल जाते.

४. वेगळं करा, पण बांधू नका

गावात नवं मांजर आणलं की गळ्यात दोरी घालून खाटेच्या पायाला बांधायची रीत आहे. दोन मांजरांच्या घरात हे अजिबात करू नका. बांधलेल्याला पळता येत नाही, दुसरं येऊन त्याला मारतं, आणि ही भीती त्याच्या मनातून जात नाही.

नवं मांजर कुठे ठेवायचं? चार जागा मी पाहिल्या. कोठीची खोली, जिथे धान्य असतं आणि दार लागतं, ती सगळ्यात चांगली. आत उंदराचं औषध ठेवलेलं नाही ना, ते आधी पाहा. भिंत आढ्याला टेकत नसेल तर वरच्या फटीत तट्टा उभा करून सुतळीने बल्लीला आवळून बांधा. शेडनेट लावू नका, मांजर तिला नखं रुतवून चढतं. आमची पहिली रात्र त्यातच गेली. कोठी नसेल तर गाईच्या कोठ्याची एक बाजू, तीही नसेल तर न्हाणीघर. अगदीच काही नसेल तर डालग्याखाली, पण तेही तासा-दोन तासांसाठीच, आणि डालगं सावलीत, वर ओलं पोतं टाकलेलं. मे महिन्यात टिनाच्या सपरीत मांजर कोंडायचं नाही. आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो, टिनाखाली ते जगणार नाही.

आत वाळूचं घमेलं एका कोपऱ्यात, पाणी आणि खाणं दुसऱ्या कोपऱ्यात, आणि लपायला आडवी केलेली टोपली. लपू द्या, ओढून बाहेर काढू नका. घरातली जुनी भांडणं असतील तरीही हेच: दोघं आजच पहिल्यांदा भेटणार आहेत असं समजून मुळापासून सुरुवात करायची. निदान आठवडाभर एकमेकांचं तोंड दिसू द्यायचं नाही. शक्य असेल तर रोज जागा बदला, आज हे कोठीत तर उद्या ते, म्हणजे कुणाच्याच मनात घर आपल्या एकट्याचं आहे असं बसत नाही.

५. आधी वासाची ओळख

मांजर आपल्या माणसाला, आपल्या घराला, आपल्या सोबत्याला वासावरून ओळखतं. गाल दाराच्या चौकटीला घासतं ते खाज सुटली म्हणून नव्हे. गालातल्या ग्रंथींचा वास तिथे लावून ठेवतं. एका घरातल्या मांजरांचा मिळून एक वास तयार होतो. तो तयार करून देणं हेच आपलं काम.

स्वच्छ फडका घ्या आणि ढेप्याच्या गालावरून, हनुवटीवरून हळू फिरवा. तो फडका कापशीच्या ताटलीपासून दोन हातांवर ठेवा. तिचा फडका त्याच्याकडे. पहिल्या दिवशी कापशीने फडक्याला नाक लावलं, फिस्स केलं आणि न जेवता गेली. मी फडका आणखी दूर सरकवला. चौथ्या दिवशी ती फडक्याकडे पाठ करून जेवली. नवव्या दिवशी त्यावरच बसली! फिस्स करणं वाईट नाही, ती फक्त सांगते आहे की अजून लांब. तुम्ही ऐकलं तर पुढचा दिवस सोपा जातो.

कापसावर, धान्यावर मूत पडलं असेल तर फिनाईल ओतू नका. फिनाईल मांजराच्या पायाला लागतं, ते पाय चाटतं आणि विषबाधा होते. डांबर गोळ्याही तशाच विषारी. साबणाच्या पाण्याने जागा दोन-तीनदा धुवा आणि उन्हात वाळू द्या. भिजलेला कापूस मात्र काढूनच टाका. वास राहिला तर पुन्हा तिथेच मुततात.

उकिरड्याच्या कडेला खोकलीचं झाड उगवतं, त्याची मुळी उपटली की मांजरं त्यावर लोळतात, लाळ गाळतात. मजा म्हणून एकेकट्याला द्यायला हरकत नाही, पण ओळखीच्या दिवसांत नको. त्या तारेत काही मांजरं जास्तच अंगावर येतात.

६. जाळीआडून जेवण

फडक्यावर दोघं निवांत झाली की दार उघडून तिथे जाळीची चौकट लावा. चौकटीवर गोधडीचं कापड टाका. दोन्ही बाजूंना ताटल्या, जाळीपासून चार-पाच हातांवर. साधं जेवण नको, जीव जिच्यावर आहे ती गोष्ट हवी: उकडलेलं अंडं, बिनमसाल्याची कोंबडी, किंवा बाजारातली सुकट, पाण्यात भिजवून मीठ काढलेली. दूध-पोळीवर हे काम होत नाही. शिवाय पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, आणि मांसाशिवाय त्यांचं भागत नाही.

दोघं खायला लागली की कापड वितभर वर करा. खाणं संपायच्या आत परत खाली. मांजराच्या मनात एवढंच जुळायला हवं, की ते दुसरं दिसलं की सुकट येते आणि ते दिसेनासं झालं की सुकटही जाते. रोज दोन वेळा, पाच-पाच मिनिटं. ताटल्या दिवसाला बोटभर जवळ आणा. एकाने खाणं थांबवून एकटक पाहिलं तर कालच्या अंतरावर परत जा. आम्हाला या पायरीला पाच आठवडे लागले. दोन वेळा मागे आलो, एकदा तर पार फडक्यापर्यंत. घाई करून मी आधीचे पंधरा दिवस वाया घालवले होते, तुम्ही घालवू नका.

७. एका खोलीत

तिन्हीसांजेला मांजरं सगळ्यात जास्त अंगात येतात, म्हणून पहिली भेट दुपारी, जेवणाच्या वेळी, घरात माणसं कमी असताना. त्याआधी दोघांना वेगवेगळं खेळवून दमवा. काडीला सुतळी, सुतळीला कोंबडीचं पीस. खेळ झाला की सुतळी उचलून ठेवा, गिळली तर आतड्यात अडकते. दोन माणसं हवीत, एकेका मांजराकडे एकेक. तट्टा हाताशी. पाच मिनिटांत, सगळं चांगलं चाललेलं असतानाच संपवा. एकाला उचलून दुसऱ्याच्या तोंडाजवळ धरणं, "घे, दोस्ती कर" म्हणणं, हे चांगल्या मनाने करतात आणि सगळं मोडून टाकतात.

८. भांडणाचं कारण घरातच असतं

वहीने मला रांजण दाखवला. उन्हाळ्यात रांजणाखालची ओली जमीन ही घरातली एकमेव थंड जागा. कूलरच्या खोलीत माणसं, त्यामुळे मांजरं रांजणाखाली. जागा एक, मांजरं दोन. मी परसदारी निंबाखाली दुसरं मडकं वाळूत पुरलं, भोवती पाणी शिंपडत गेले. आठ दिवसांत रांजणावरची भांडणं जवळजवळ थांबली.

पाणी, खाणं, वाळू, झोपायची जागा, यातलं प्रत्येक दोन ठिकाणी हवं, आणि ती ठिकाणं एकमेकांच्या नजरेआड. दोन ताटल्या शेजारी-शेजारी ठेवल्या तर त्या एकाच जागेत मोजा. उंच जागा वाढवा: भिंतीला फळी, पेटाऱ्यावर पोतं, माळ्यावर जायला दोन वाटा. एकच वाट असली की एक मांजर तिथे नाकाबंदी करतं.

९. मारायचं का?

यावर आमच्या घरात खूप वाद झाला, आणि तुमच्याही होईल. मामाजींचं म्हणणं, "दोन रट्टे देल्ले का चुपचाप बसते. लेकराले बी शिस्त लावतो, मंग याले काहून नाही?" मी म्हटलं, "मामाजी, त्याले मारू नका जी, त्याले समजतच नाही काहून मारलं ते." मामाजींचं पाहणं खोटं नव्हतं. काठी उचलली की भांडण त्या क्षणी थांबायचं. पण वहीत पाहिलं तर काठीच्या दिवसानंतरचा दिवस नेहमी जास्त वाईट. ढेप्याला जे शिकायला मिळालं ते असं: कापशी दिसली की पाठीत बसते. मग तो कापशीवर आणखी चिडणार नाही तर काय?

मी स्वतः काठी नाही, पाण्याचा फवारा वापरला होता. त्यात इजा नाही, म्हणून तो चालतो असं पुष्कळ जण म्हणतात. माझा अनुभव असा की ढेप्या मी घरात असताना गप्प राहायचा आणि मी वावरात गेले की भांडायचा. शिवाय माझ्या मांडीवर येणं त्याने बंद केलं. ते परत मिळवायला मला तीन महिने लागले. तोंडावर मिरचीचा हात फिरवणं, अंधाऱ्या पोत्यात कोंडणं, हे तर क्रूरपणाच आहे.

एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये मांजरांवर केलेले प्रयोग छापले. भुकेलं मांजर पेटीत, बाहेर मासा. खटका दाबला की दार उघडे. मांजरं हळूहळू, वेळ घेत शिकली, कारण शेवटी मासा मिळत होता. पुढे त्यानेच आपलं मत बदललं, की शिक्षेचा परिणाम बक्षिसाइतका होत नाही. मामाजींना मी ही गोष्ट सांगितली. त्यांनी मान डोलावली नाही, पण दुसऱ्या दिवसापासून सुकट वाटायचं काम स्वतःकडे घेतलं.

भांडण सोडवायला थाळी वाजवणं आणि शिक्षा करणं यात फरक आहे. पहिलं वेळेवर, दोघांना वाचवायला. दुसरं नंतर, आपला राग काढायला. आणि प्राण्याला मारणं, किंवा उपाशी मरेल अशा ठिकाणी सोडून देणं, हा प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ खाली गुन्हा आहे. बाजाराच्या दिवशी मांजर पोत्यातून दुसऱ्या गावात सोडणाऱ्यांना हे बहुतेक माहीत नसतं.

१०. तरी जमलं नाही तर

काही जोड्या जमत नाहीत. तीन-चार महिने प्रामाणिकपणे करूनही एक मांजर सतत लपून राहत असेल, वजन उतरत असेल, तर दोघांना एकत्र ठेवायचा हट्ट त्याच्यावर अन्याय आहे. घर वाटून द्या: एक घरात, एक कोठ्यात, किंवा सकाळ एकाची आणि संध्याकाळ दुसऱ्याची. नाहीतर ओळखीचं, एकही मांजर नसलेलं घर शोधा. लसीचं कार्ड, त्याची गोधडी आणि ताटली सोबत द्या, आणि तिथेही पहिला पंधरवडा बंद खोलीतच ठेवायला सांगा, नाहीतर ते जुन्या घराकडे निघतं आणि रस्त्यात सापडतं.

आमच्याकडे ती वेळ आली नाही. कापशी आणि ढेप्या गळ्यात गळे घालून झोपत नाहीत. यंदा कापूस भरला तेव्हा ढिगाच्या एका टोकाला ती आणि दुसऱ्या टोकाला तो, मधे खाटभर अंतर. मामाजी संध्याकाळी दोन ताटल्या घेऊन ओसरीवर बसतात. ताटल्यांमधे अजूनही हातभर जागा सोडतात, आणि पहिली सुकट आधी कापशीला.